काळ्या दगडाचा पापुद्रा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरी जाते सुरू होई. चकलीची भाजणी, लाडवांचे बेसन, अनारशांचे तांदूळ, सारे त्याच्यावरच निघे. पहाटे जाग यायची ती त्याच्या घरघरीनेच. आता भाजणी गिरणीतून येते आणि जात्याचे दोन्ही दगड परसात तुळशीजवळ पडून असतात. वरच्यावर चिमण्यांसाठी पाणी ठेवतात आणि खालचा धुणे आपटायला बरा पडतो.

त्या जात्याला टाकी लावायला वर्षातून एकदा एक म्हातारा पाथरवट येत असे. काम सुरू करण्यापूर्वी तो दोन्ही दगडांवर छिन्नीने हलकेच टकटक करी आणि कान देऊन ऐके. एकदा तो माझ्या आजीला म्हणाला, "मोठी माय, हाऊ वरना दगड बोलस. खालना मुका शे." आजी म्हणाली, मुका तर मुका, पीठ पडते ना? मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. दोन्ही दगड काळे, दोन्ही जड, दोन्ही इकडच्याच डोंगरांतले. मग एकाला वाचा आणि दुसरा मुका, हे कसे? पुढे तीस वर्षांनी एका पाथरवटाच्या घराण्यावर कादंबरी लिहायला घेतली आणि पहिल्याच प्रकरणात हा प्रश्न आडवा येऊन बसला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर चित्रकलेची पदविका. शाळेत मी रंग आणि रेषा शिकवतो. दगडाचे शास्त्र मला कोण सांगणार? तेव्हा दगडालाच विचारावे असे ठरवले. त्या विचारपुशीत एक डिजिटल कॅमेरा मदतीला आला आणि त्यानेच मला एकदा चांगले बुडवलेही. ती हकीकत सांगायचीच आहे, पण आधी थोडे गावाविषयी.

प्रकाशा हे तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे गाव. शहाद्याच्या पश्चिमेला, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर. केदारेश्वराचे देऊळ आणि नदीचे घाट यांमुळे याला दक्षिण काशी म्हणतात. पण देवळांच्याही फार आधीपासून इथे माणसे राहत होती. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथली पांढर खणून पाहिली. हेच थापर पुढे त्या खात्याचे महासंचालक झाले. त्यांचा अहवाल 'एन्शंट इंडिया' या खात्याच्या नियतकालिकाच्या १९६४-६५ च्या जोडअंकात आला. त्यांना एकावर एक असे चार काळ सापडले. सर्वांत खालचा इसवी सनापूर्वी सुमारे १७०० ते १३०० या काळातला, म्हणजे ताम्रपाषाणयुगातला. त्यात माळव्याच्या धर्तीची आणि वरच्या भागात जोर्वे पद्धतीची रंगवलेली भांडी होती. तांबे थोडे होते आणि दगडाची बारीक पाती मात्र पुष्कळ.

ही पाती काळ्या दगडाची नव्हेत. ती कॅल्सेडनीसारख्या गुळगुळीत, दुधी दगडाची आहेत, अकीकाच्या जातकुळीतली. दख्खनच्या त्या काळच्या कारागिरांची एक ठरलेली रीत होती. दगडाच्या गोट्यावर दोन्ही बाजूंनी आडव्या टिचक्या मारून एक नागमोडी कणा उभा करायचा आणि मग त्या कण्याच्या आधाराने सरळ, लांब पाते सोलून काढायचे. एकदा पहिले निघाले की त्याच्यामागून दुसरे, तिसरे. हा सारा खटाटोप कॅल्सेडनीत साधतो, काळ्या दगडात साधत नाही, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. गंमत अशी की कॅल्सेडनी ही काळ्या दगडाचीच लेक. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, त्यांच्या पोकळ्या राहतात, आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांत ती कणाकणाने साचते. दगडाच्या पोटात काय दडले आहे हे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा प्रकाशेकर जाणून होता. आम्ही मात्र त्याच दगडाच्या पाट्यावर चटणी वाटली आणि त्याला नुसते 'काळा' म्हणून मोकळे झालो.

हा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याने आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भूमी झाकली आहे. नंदुरबार-धुळे भागात त्याची आणखी एक तऱ्हा आढळते. आमच्याकडचा प्रवासी गाडीतून पाहतो तेव्हा त्याला सपाट शेतांतून एखादा अरुंद, लांबच लांब डोंगर पूर्व-पश्चिम धावताना दिसतो, कुणा राजाने तटबंदी घालायला घेऊन अर्ध्यात सोडावी तसा. या खरोखरच भिंती आहेत. आधी थिजलेल्या थरांना उभी चीर गेली, खालून नवा रस त्या चिरेत शिरला आणि तिथेच थिजला. भोवतालचा मऊ दगड झिजून गेला, भिंत उभी राहिली. शास्त्रज्ञ यांना डाइक म्हणतात. रंजिनी राय, हेतु शेठ आणि ज्योतिरंजन मलिक यांनी २००७ साली या भिंतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १ किलोमीटरहून लांब अशा २१० भिंती मोजल्या. सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटरची आहे, जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत, आणि बहुतेक सगळ्या उभ्या, पूर्व-पश्चिम. चिरा पूर्व-पश्चिम उघडल्या याचा अर्थ त्या वेळी ही भूमी उत्तर-दक्षिण ताणली जात होती. डोंगराची नुसती दिशा पाहून कोट्यवधी वर्षांपूर्वीची ओढाताण सांगता येते, याचे मला आजही नवल वाटते.

आता मूळ प्रश्न. दगड आतून कसा पाहायचा? फोडला तर नवे 'बाहेर' तेवढे दिसते. उजेड काही आरपार जात नाही. ही युक्ती सुचायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले आणि सुचली ती काहीशा आडवाटेने. एडिंबरोच्या विल्यम निकोल याने १८२८ साली आइसलँडच्या पारदर्शक कॅल्साइटचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून एक लोलक केला. त्यातून बाहेर पडणारा प्रकाश एकाच पातळीत थरथरतो. त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. दगड झालेल्या लाकडाचे पापुद्रे घासून त्यांतून पाहण्याचा नादही याच निकोलला होता. पण लोलक आणि पापुद्रा हे एकाच माणसाच्या टेबलावर असूनही खडकाच्या अभ्यासात त्यांची गाठ पडायला वीस वर्षे गेली.

ती गाठ घातली शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने. घरचा सुखवस्तू, नोकरीची गरज नाही, म्हणून आयुष्यभर आवडीचे काम करू शकला. मँचेस्टरचा विल्यमसन नावाचा वैद्य दात आणि हाडे यांचे पातळ काप करून पाहत असे. त्याच्याकडून सॉर्बीने ती कला उचलली आणि १८४९ साली खडकाचा काप केला. लोक त्याला हसले. डोंगर का कुठे सूक्ष्मदर्शकातून पाहायचे असतात, असा त्यांचा सूर होता. १८५८ साली त्याने स्फटिकांच्या रचनेवर मोठा निबंध प्रसिद्ध केला, तरी इंग्लंडात फारसे कोणी हलले नाही. पुढे फेर्दिनांद झिर्केल या तरुण जर्मनाशी त्याची ओळख झाली, आणि मग जर्मनीत या विद्येचे झाड फोफावले.

पाहिले ते दुसऱ्याला कसे दाखवायचे? इथे माझा, चित्रकलेच्या मास्तराचा, कान टवकारतो. फॉक्स टॅलबॉटने १८४० च्या आसपासच सूक्ष्मदर्शकातून फोटो काढून पाहिले होते. तरीही खडकांच्या पुस्तकांत दीर्घकाळ मान राहिला तो चित्रकाराचा. कारण फोटो काळापांढरा आणि खडकाची सारी मौज रंगांत. झिर्केलच्या १८७६ च्या अमेरिकेतील ग्रंथात रंगीत शिळाछापाची चित्रे आहेत. कुणी तरी एक डोळा नळीला आणि दुसरा कागदाला लावून ती रंगवली असणार. मिशेल-लेव्ही या फ्रेंच पंडिताने तर १८८८ साली रंगांचा तक्ताच छापला. त्यात काळा, राखाडी, पांढरा, पिवळा, तांबडा, जांभळा, निळा, हिरवा आणि मग पुन्हा पिवळा असे पट्टे क्रमाने आहेत. पापुद्र्याची जाडी ठाऊक असली तर रंगावरून खनिज ओळखायला मदत होते, आणि खनिज ठाऊक असले तर रंगावरून जाडी समजते.

हे सारे विलायतेतच राहिले असे नाही. आमच्याच तापीच्या काठी, प्रकाशाहून बरेच वर, भुसावळला कोळशाच्या शोधात एक खोल भोक पाडले होते, १२१७ फुटांचे. त्यातून निघाला तो थरावर थर काळा दगड. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस ली फर्मोर याने तो दगड बारकाईने तपासून १९२५ साली दाखवून दिले की तो एकसंध नव्हे. ते एकावर एक आलेले २९ लाव्हाप्रवाह आहेत, सरासरी चाळीसेक फूट जाडीचे. डोळ्यांना जिथे फक्त काळे दिसत होते, तिथे २९ वेगवेगळ्या घटना घडल्या होत्या.

फर्मोरच्या काळी या कामाला सरकारी प्रयोगशाळा लागे. आज काय लागते ते माझ्या अनुभवावरून सांगतो. फरशी बसवणाऱ्या एका कारागिराने त्याच्या हिऱ्याच्या पात्याच्या यंत्रावर मला दगडाच्या चकत्या काढून दिल्या. चकतीची एक बाजू जाड काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकून घासायची, आधी जाड पूड, मग बारीक, मग मैद्यासारखी. ती बाजू अॅरल्डाइटने काचपट्टीवर चिकटवायची आणि मग दुसरी बाजू घासायची. किती? तर ०.०३ मिलिमीटर जाडी उरेपर्यंत. डोक्याच्या केसाहून पातळ. पहिले चार पापुद्रे शेवटच्या पाच मिनिटांत पाण्याबरोबर वाहून गेले. हाताला सवय व्हायला एक अख्खी उन्हाळी सुट्टी लागली. पण काळा दगड काचेसारखा उजळला आणि त्याखालच्या वर्तमानपत्राची अक्षरे वाचता आली, तेव्हा पोरांनी केलेला आरडाओरडा ऐकून शेजारचा वर्ग बाहेर आला होता.

सूक्ष्मदर्शक शाळेचाच, जीवशास्त्राचा. निकोलचे लोलक आम्हाला कुठून मिळणार? पण एडविन लँड याने १९२९ च्या सुमारास ध्रुवित प्रकाशासाठी प्लॅस्टिकसारखी पातळ फीत शोधून काढली आणि तेव्हापासून ही चीज स्वस्त झाली. बिघडलेल्या गणकयंत्राच्या पडद्यावर ती असते. तिचे दोन तुकडे सोडवून घेतले. एक पापुद्र्याखाली ठेवला आणि दुसरा नेत्रिकेवर, पहिल्याशी काटकोनात. काच रिकामी असेल तर अंधार दिसतो. दगड ठेवला की त्या अंधारात रंग पेटतात. काचपट्टी बोटाने फिरवली की रंग विझतात, पुन्हा पेटतात. आकाशकंदिलाच्या कागदांची उपमा एका मुलीने दिली, माझी नव्हे.

राहिला कॅमेरा. साध्या डिजिटल कॅमेऱ्याने हे काम होते हे हौशी मंडळींना फार लवकर कळले होते. १९९९ चा निकॉनचा कूलपिक्स ९५० हा त्यांचा लाडका. कारण त्याचे भिंग लहान, झूम करताना बाहेर न येणारे, म्हणून नेत्रिकेला नीट भिडे. माझा कॅमेरा त्या तोलामोलाचा नव्हता. भाच्याने नवा घेतला म्हणून त्याचा जुना मला दिला. जुन्या फिल्मच्या डबीचा बूड कापून मी नळी केली आणि ती नेत्रिका नि भिंग यांच्यामध्ये बसवली. आपण डोळा लावतो तिथेच कॅमेऱ्याने डोळा लावायचा, एवढीच युक्ती. त्याला अनंतावर रोखायचे, कारण नेत्रिकेतून निघणारे किरण दूरवरून आल्यासारखे समांतर असतात. चित्राभोवतीचे काळे वर्तुळ निघून जाईपर्यंत झूम करायचे. फ्लॅश बंद. बोटाच्या धक्क्याने चित्र हलते, म्हणून दोन सेकंदांचा उशीर लावून हात मागे घ्यायचा. आणि मापासाठी त्याच भिंगातून पट्टीच्या मिलिमीटरच्या खुणांचाही एक फोटो काढून ठेवायचा. ही शेवटची गोष्ट मी केली. तिच्या आधीची एक केली नाही.

त्या वर्षी आम्ही नदी ओलांडून दक्षिणेकडच्या एका भिंतीवर गेलो होतो. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. भिंतीची कडा, तिचा मध्य आणि शेजारचा मऊ थर, अशा तीन ठिकाणचे तुकडे आणले. मध्याच्या पापुद्र्यात प्लॅजिओक्लेजचे लांब, पांढरेकाळे पट्टे असलेले स्फटिक होते, आणि ऑजाइटच्या मोठ्या, रंगीबेरंगी स्फटिकांनी त्यांना सर्व बाजूंनी मिठीत घेतले होते, कुडाच्या भिंतीत काटक्या मातीत गुंतलेल्या असाव्यात तसे. हे सावकाश निवलेल्या रसाचे लक्षण. शेजारच्या थराच्या पापुद्र्यात पोकळ्याच पोकळ्या, काहींत झिओलाइट, आणि एकीत कॅल्सेडनीचे बारीक धागे जपानी पंख्यासारखे उलगडलेले. थापरांना मिळालेल्या पात्यांचा दगड जिथे जन्मतो ती पाळण्याची जागा.

कडेचा पापुद्रा मात्र वेगळाच होता. तिथे रस थंड दगडाला भिडून झटकन थिजला, त्यामुळे स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. काळपट काचेसारख्या पार्श्वभूमीवर शिंपडलेल्या सुयांसारखे ते दिसत. इतके बारीक की नळीतून पाहताना त्यांचा रंग नक्की ठरेना. म्हणून मी फोटो काढला आणि शाळेच्या संगणकावर मोठा करून पाहिला. सुया पिवळसर होत्या. योग्य जाडीला प्लॅजिओक्लेज राखाडी किंवा पांढरे दिसते. पिवळे दिसले तर पापुद्रा अजून जाड आहे. मिशेल-लेव्हीचा तक्ता तसेच सांगतो. मी पुन्हा घासायला बसलो. पुन्हा फोटो, पुन्हा पिवळा. पुन्हा घासणे. तिसऱ्या खेपेस काचपट्टीवर धुरकट डाग तेवढा राहिला.

चूक पापुद्र्याची नव्हतीच. सूक्ष्मदर्शकाखाली साधा पिवळा दिवा होता आणि कॅमेरा 'पांढरे म्हणजे काय' हे आपल्या मनाने ठरवत होता. काळ्याभोर पार्श्वभूमीवर त्याचा अंदाज चुकला आणि त्याने दिव्याचा पिवळेपणा स्फटिकांच्या माथी मारला. कॅमेऱ्यात ही निवड हाताने करता येते. आधी रिकाम्या काचेवर पांढरे काय ते त्याला दाखवून द्यायचे, की मग तो खोटे बोलत नाही. हे मला ठाऊक नव्हते. पण वीस वर्षे पोरांना रंग ओळखायला शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्याऐवजी पडद्यावर विश्वास ठेवला, याला काय म्हणावे? मुलांसमोर ते कबूल करताना मला जड गेले. एकाने विचारलेच, "सर, मग तुम्ही नळीतून का नाही पाहिलं?"

कडेचा दुसरा तुकडा आणू म्हणून पावसाळा संपल्यावर पुन्हा गेलो. भिंतीच्या त्या टोकाशी खडी फोडण्याचे यंत्र लागले होते. मध्ये दहा-बारा पुरुष खोल खड्डा पडला होता आणि कडा जिथे होती तिथून ट्रक खाली उतरत होते. रस्त्यांना खडी लागते, घरांना लागते. माझ्या घराच्या स्लॅबमध्येही कुठली तरी भिंत आहेच. भिंतीचा पक्का दगड म्हणूनच खडीवाल्याची तिच्यावर नजर जाते, शेजारच्या भुसभुशीत थरावर नाही. पाथरवटाने कानाने केलेली निवड तोही करतो, फक्त फार मोठ्या मापाने.

तेव्हा त्या कडेचा आता एक पुरावा उरला आहे, तो म्हणजे मी काढलेले ते पिवळे फोटो. त्यांतला रंग खोटा आहे, पण माप खरे आहे, कारण त्याच भिंगातून काढलेला पट्टीचा फोटो शेजारी आहे. सुया किती लांब आणि किती दाट, हे त्यावरून आजही मोजता येते. मुलांनी मोजले. मध्याच्या पापुद्र्यातले स्फटिक त्यांच्या कितीतरी पट मोठे भरले. फोटोंच्या मागे मी लिहून ठेवले आहे: रंगावर विश्वास ठेवू नये, दिवा पिवळा होता.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीच्या जात्याकडे वळलो. दोन्ही दगडांच्या फुटक्या काठाचा एकेक टवका काढला, तेवढ्याने कोणाचे काही बिघडणार नव्हते. या वेळी कॅमेऱ्याला आधी पांढरे दाखवले आणि नळीतूनही पाहिले. खालच्या दगडात पोकळ्या, झिओलाइट आणि तांबूस पडलेली खनिजे, झिजून विस्कटलेली. वरच्या दगडात एकही पोकळी नाही. प्लॅजिओक्लेजच्या काटक्या ऑजाइटच्या मिठीत घट्ट, एक ओढू म्हटले तर दुसरी हलेल अशा. घाव घातला तर नाद या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडता जावा अशीच ही बांधणी. एवढ्यावरून तो दगड त्याच भिंतीचा असे म्हणता येत नाही. अशा भिंती इकडे दोनशेंवर आहेत आणि त्यांचे मध्य एकमेकांसारखेच असू शकतात. पण तो कुठल्या तरी भिंतीच्या पोटातला असावा, असे मला वाटते.

म्हातारा पाथरवट केव्हाच गेला. त्याचा नातू शहाद्यात ग्रॅनाइटच्या ओट्यांचे काम करतो. त्याला मी दोन्ही फोटो मोठे छापून दाखवले आणि विचारले, यातला बोलका कोणता? त्याने फोटो हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि परत दिले. मग परसात गेला, चिमण्यांचे पाणी ओतून दिले आणि वरच्या दगडावर बोटाच्या सांध्याने टकटक केली.